मराठवाड्याच्या उन्हात फुलणारा युफोर्बिया: पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो, बोअर अर्ध्या तासात दम टाकतो आणि टँकरचं पाणी पिण्यालाच जेमतेम पुरतं. लातूरला तर २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात मोगरा किंवा गुलाब लावूच नका असं मी म्हणणार नाही. पण आयुष्यातलं पहिलंच झाड लावत असाल, घरात पाण्याची ओढ असेल आणि तरीही दारात जवळजवळ वर्षभर फूल हवं असेल, तर युफोर्बियापासून सुरुवात करा.

इथे सांगतो आहे ते युफोर्बिया मिली या जातीबद्दल. नर्सरीत नुसतं युफोर्बिया म्हटलं तरी बहुतेक ठिकाणी हेच झाड पुढे करतात; काही जण त्याला क्राउन ऑफ थॉर्न्स म्हणतात. करडं काटेरी खोड, फांदीच्या टोकाला हिरव्या पानांचा झुबका आणि त्यातून देठावर आलेली लाल, गुलाबी, पिवळी किंवा मोतिया फुलं, अशी त्याची ओळख.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडे हे झाड उन्हाळ्यात मरत नाही. ते मरतं पावसाळ्यात, काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजल्यामुळे. त्यामुळे पुढे जे काही सांगणार आहे, त्यातलं निम्मं काम पाणी निघून जाण्याची सोय करण्याचं आहे. ते एकदा नीट केलंत की बाकीचं झाड स्वतः सांभाळतं.

झाडाची ओळख

हे मूळचं मादागास्करचं झाड. १८२१ मध्ये रियुनियन बेटाचे गव्हर्नर मिलियस यांनी ते फ्रान्सला नेलं, आणि त्यांच्याच नावावरून जातीला मिली हे नाव पडलं. पण त्याचे सख्खे-चुलत भाऊबंद आपल्या बांधावर पूर्वापार उभे आहेत. कुंपणाला लावतात तो शेर, गढीच्या पडक्या भिंतीवर उगवतो तो त्रिधारी निवडुंग, रस्त्याच्या कडेला पसरणारी दुधी ही सगळी युफोर्बियाचीच जातकुळी. फांदी किंवा पान तोडलं की पांढरा चीक येतो, ही या सगळ्यांची खूण. फड्या निवडुंग मात्र यातला नाही. तो खरा कॅक्टस, अमेरिकेतून आलेला, आणि त्याला दुधासारखा चीक नसतो. काटे सारखे दिसले तरी दोघांची घराणी वेगळी आहेत.

फुलाकडे जरा जवळून बघा. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती खरं तर रंगीत झालेली दोन छोटी पानं असतात; खरी फुलं त्यांच्या मधोमध, अगदी बारीक. म्हणूनच हा रंग दोन दिवसांत गळून जात नाही, आठवडे टिकतो.

नर्सरीत दोन प्रकार मिळतात. एक जुना, बारीक खोडाचा, लहान फुलांचा. हा पसरतो, भरपूर फांद्या काढतो, आणि चिवटपणात याला तोड नाही. दुसरा थाई संकरित: जाड खोड, रुंद पानं, मोठ्या फुलांचे गेंद. थायलंडमधले चिनी वंशाचे लोक हे झाड शुभ मानतात, त्यामुळे तिथे त्याच्या शेकडो रंगछटा तयार झाल्या. दिसायला थाई झाड देखणं असतं यात शंका नाही. पण पाणी साचलं की तेच आधी कुजतं, आणि किंमतही जास्त असते. माझा सल्ला स्पष्ट आहे: पहिलं झाड जुन्या बारीक जातीचं घ्या, जमिनीत लावा. एक पावसाळा ते नीट निघालं की मग थाई जात कुंडीत आणा.

हात लावण्याआधी: चीक आणि काटे

हा भाग वाचल्याशिवाय कात्री हातात घेऊ नका. या झाडाचा चीक विषारी आहे. कातडीला लागला तर काहींना आग होते, पुरळ किंवा फोड येतात. डोळ्यात गेला तर डोळा सुजतो, प्रचंड दुखतो, काही काळ दिसणंही अंधुक होऊ शकतं. तसं झालंच तर लगेच स्वच्छ पाण्याच्या धारेखाली १५-२० मिनिटं डोळा धुवा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. घरगुती थेंब किंवा दूध घालून वेळ घालवू नका.

काम करताना जाड हातमोजे घाला. शेतात वापरायचे रबरी मोजे चालतात, पण काटे त्यांतून आरपार जातात, म्हणून आत एक कापडी मोजा असू द्या. फांदी धरायला जुन्या वर्तमानपत्राची जाड घडी उत्तम. काम चालू असताना घाम पुसायला हात डोळ्याकडे नेऊ नका आणि मोबाईलला हात लावू नका. चीक नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लावून धुवावा लागतो. कपड्यावर पडला तर डाग राहतो, म्हणून जुने कपडे घाला.

लहान मुलं जिथे खेळतात, वासरू जिथे मोकळं सोडता, तिथे हे झाड नको. अंगणातल्या वाटेपासून आणि दारापासून किमान दोन-अडीच फूट आत लावा. गावाकडे निवडुंगाच्या चिकाचे औषधी उपयोग ऐकायला मिळतात. आयुर्वेदात क्षारसूत्र, म्हणजे औषधाचे लेप दिलेला दोरा, तयार करायला स्नुही या निवडुंगाचा चीक वापरतात हे खरं आहे, पण ती जात वेगळी आणि ते काम शिकलेल्या वैद्याचं. या झाडाचा चीक चामखिळीला, दाताला किंवा जखमेला लावायचा प्रयोग कुणी सुचवला तर साफ नाही म्हणा.

जागा कुठली?

दिवसातून किमान सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा हवी. सावलीत झाड जगतं, पण फांद्या लांबट, कमजोर होतात आणि फूल कमी येतं. आपल्याकडे उन्हाची कमतरता नाही, तेव्हा घराच्या दक्षिणेची किंवा पश्चिमेची, जिथे दुसरं काही तग धरत नाही अशी जागा याला बिनधास्त द्या. मात्र ज्या रोपाने नर्सरीत हिरव्या नेटखाली दिवस काढलेत, त्याला एकदम मे महिन्याच्या उन्हात ठेवलं तर पानं करपतात. आठ-दहा दिवस आधी फक्त सकाळचं ऊन, मग पूर्ण ऊन, असं सवयीने न्या.

एक जागा कटाक्षाने टाळा: पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या पाण्याची धार जिथे पडते ती. पावसाळ्यात तिथे एकाच जागी छपराचं सगळं पाणी कोसळतं आणि बुंधा महिनोन्महिने ओला राहतो. नळाजवळची, भांडी घासायच्या मोरीजवळची जागाही याच कारणाने नको.

माती: इथेच सगळं ठरतं

मराठवाड्यात एकच माती नाही. गोदावरी, पूर्णा, दुधना, मांजरा यांच्या खोऱ्यांत खोल काळी माती. बालाघाटच्या रांगांवर, म्हणजे अंबाजोगाई, पाटोदा, तुळजापूरच्या वरच्या अंगाला, हलकी मुरमाड. जिची शेतकऱ्याला खंत वाटते ती मुरमाड जमीन या झाडासाठी सोनं आहे. तुमच्या अंगणात टिकाव मारल्यावर वीतभर खाली मुरूम लागत असेल, तर निम्मं काम निसर्गानेच केलेलं आहे.

काळ्या मातीचं तसं नाही. तिचे कण इतके बारीक असतात की पाऊस पडला की माती फुगते, कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि मुळांना हवाच मिळत नाही. कापसाला, तुरीला, सोयाबीनला हीच ओल पुढे उपयोगी पडते. युफोर्बियाच्या मुळांना मात्र आठ-दहा दिवसांची झड पुरते कुजायला. उन्हाळ्यात तीच माती आक्रसते, हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि भेगांबरोबर कोवळी मुळं तुटतात.

आपली माती कशी आहे हे तपासणं सोपं आहे. फूटभर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तास-दोन तासांत गेलं तर जमिनीत थेट लावायला हरकत नाही. चार-पाच तासांनीही खड्ड्यात पाणी उभं असेल, तर सपाट जमिनीत लावूच नका, उंच वाफा करा. दोन वेळा खड्डा भरायला पाणी लागतं, म्हणून ही तपासणी टंचाईच्या दिवसांत न करता हिवाळ्यात करून ठेवावी.

अनेक जण काळ्या मातीत घमेलंभर वाळू मिसळतात आणि माती सुधारली असं समजतात. थोड्या वाळूने काळी माती मोकळी होत नाही. वाळल्यावर आणखी घट्ट बसते. खड्डा खणून त्यात चांगली माती भरली तरी भोवतीची काळी माती हौदासारखं पाणी धरून ठेवते आणि झाड त्या हौदात उभं राहतं. म्हणून काळ्या जमिनीत खाली खणण्याऐवजी वर चढायचं.

वाफा असा करा. जागेवरचं गवत, हराळी मुळासकट काढा. कडेने काळे दगड किंवा जुन्या विटा रचून फूट-दीड फूट उंचीची चौकट करा. दगड चुन्या-सिमेंटने बांधू नका, फटींतून पाणी बाहेर यायला हवं. तळाला वीतभर मोठे दगड-विटांचे रोडे टाका. त्यावर दोन घमेली चाळलेला मुरूम, एक घमेलं जाडी वाळू, एक घमेलं पोयट्याची किंवा लाल माती आणि अर्धं घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, या प्रमाणात मिसळलेली माती भरा. नदीची वाळू महाग पडते. क्रश सँड चालते, फक्त ती आधी पाण्यात खळबळून तिची पांढरी भुकटी काढून टाका, नाहीतर ती भुकटीच पुन्हा फटी बुजवते. धुतलेलं पाणी दुसऱ्या झाडांना घालता येतं. जुन्या घराची कौलं फुटून पडली असतील तर त्यांचे बोराएवढे तुकडे मिसळा, ते फार उपयोगी पडतात. वाफ्याचा माथा मधून किंचित उंच ठेवा, म्हणजे पाऊस कडेने ओघळून जाईल.

शेणखताबद्दल दोन शब्द. ते काळं, भुसभुशीत आणि वास नसलेलं असावं. अर्धकच्च्या शेणातून हुमणीच्या अळ्या येतात आणि त्या मुळं कुरतडतात. उकिरड्याच्या वरच्या थराला हात लावू नका, तळाचं खत काढा.

आपल्या बऱ्याच जमिनींत चुनखडी असते. युफोर्बिया ती बऱ्यापैकी सोसतो. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसायला लागल्या तर लोह कमी पडतंय असं समजा. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मिळतं, पाकिटावर दिलेल्या प्रमाणात फवारा. तेवढ्यासाठी माती तपासणीच्या मागे लागायची गरज नाही. शेताची माती तपासायला जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नेणारच असाल तर अंगणातली मूठभर वेगळ्या पिशवीत घालून नेली तरी पुरे.

रोप: विकत की फांदीपासून?

विकत घेताना फुलांकडे बघून निवडू नका, बुंध्याकडे बघा. बुंधा कडक, एकसारख्या करड्या रंगाचा असावा. बोटाने दाबल्यावर मऊ लागला किंवा काळपट डाग असले तर ते रोप तिथेच ठेवा. पानांच्या बगलेत कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. असं रोप घरी नेलं तर तो जास्वंदीवर आणि सीताफळावरही पसरेल.

खरं तर या झाडावर पैसे खर्च करायची फारशी गरज नाही. गल्लीत एकाच्या दारात हे झाड असेल तर छाटणीच्या वेळी फांद्या टाकूनच दिल्या जातात. काकूंना किंवा मामींना नुसतं विचारा, हातमोजे मात्र आपले न्या.

फांदीपासून रोप करायला फेब्रुवारीचा शेवट ते मार्च हा आपल्याकडचा सर्वांत चांगला काळ. थंडी सरलेली असते, हवा कोरडी असते, उन्हाचा कडाका अजून यायचा असतो. पावसाळ्यात लावलेल्या फांद्या बहुतेक सडतात.

धारदार ब्लेड किंवा कात्री स्पिरिटने पुसून घ्या. चार ते सहा इंचाची, टोकाला पानं असलेली निरोगी फांदी एका झटक्यात कापा. चीक गळायला लागेल. कापलेलं टोक कोमट पाण्यात मिनिटभर बुडवलं की तो थांबतो. मूळ झाडाच्या जखमेवरही थोडं पाणी शिंपडा. फांदीची खालची पानं काढा, फुलं असतील तर तीही काढा, म्हणजे तिची ताकद मुळं काढण्यात जाईल.

आता जी पायरी बहुतेक नवखे गाळतात ती: फांदी लगेच लावू नका. सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी वर्तमानपत्रावर पाच ते सात दिवस आडवी ठेवा. कापलेल्या जागी सुकून पांढरट, कडक टोपी तयार होते. ती तयार होण्याआधी फांदी ओल्या मातीत गेली तर बुरशीला उघडी जखम मिळते. आठवडाभरात फांदी किंचित सुरकुतली तरी घाबरू नका, तिच्या खोडात पुरेसं पाणी साठवलेलं असतं.

मग छोट्या पिशवीत किंवा चहाच्या कपाएवढ्या कुंडीत निम्मी वाळू, निम्मा बारीक मुरूम भरून दीड इंच खोल रोवा. मुळं फुटवणारी पावडर लागत नाही. पहिले तीन-चार दिवस पाणी नको, नंतर माती वाळली की थोडं शिंपडा. पिशवी उजेडात पण दुपारच्या उन्हापासून आडोशाला ठेवा. साधारण चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. टोकाला नवीन पान फुटलं की समजावं. मुळं आली का हे बघायला फांदी उपटू नका. केसासारखी कोवळी मुळं तेवढ्यानेच तुटतात.

लावणी

आपल्याकडे झाड लावायचं म्हटलं की मृगाचा पाऊस डोळ्यांपुढे येतो. आंबा, चिंच, लिंब यांच्यासाठी ते बरोबरच आहे. युफोर्बिया मात्र वर्षातल्या दोनपैकी एका वेळी लावावा: एक तर मार्चमध्ये, म्हणजे पावसाच्या आत मुळं बसतात, नाहीतर दसऱ्याच्या सुमाराला, पाऊस परतला की. मार्चमध्ये फांदी लावलीत तर तिचं रोप पिशवीतच पावसाळाभर छपराखाली ठेवा आणि दसऱ्याला वाफ्यात न्या.

नर्सरीतून आणलेल्या पिशवीत बऱ्याचदा चिकट लाल मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच लावला तर वाफा कितीही मोकळा असो, मुळं त्या गोळ्यातच ओली राहतात. पिशवी ब्लेडने चिरा, गोळा हलक्या हाताने दाबून बाहेरची माती मोकळी करा, जमेल तेवढी झटकून टाका. मुळं थोडी तुटतील, म्हणून लावल्यावर दोन-तीन दिवस पाणी देऊ नका. कुठल्याही दुसऱ्या झाडाला आपण लावल्या लावल्या पाणी घालतो, इथे मुद्दाम थांबायचं.

पिशवीत बुंधा जेवढा मातीत होता तेवढाच वाफ्यात ठेवा, खोल पुरू नका. दोन झाडांत दीड ते दोन फूट अंतर, कुंपणासारखी ओळ करायची असेल तर फूटभर. बुंध्याभोवती आळं करायचं नाही, उलट माती थोडी चढती ठेवा. पालापाचोळ्याचं आच्छादनही बुंध्याशी नको, ते ओल धरून ठेवतं. त्याऐवजी बारीक खडीचा थर घाला.

कुंडीत लावणार असाल तर मातीची कुंडी घ्या, ती सर्व बाजूंनी ओल सोडते. जुन्या जातीला आठ-दहा इंची पुरते. तळाला छिद्रं असल्याची खात्री करा आणि खाली बशी ठेवू नका. प्लास्टिकची कुंडी गच्चीवरच्या उन्हात एवढी तापते की कडेची मुळं भाजतात.

पाणी

जमिनीतल्या, मुळं बसलेल्या झाडाला उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा तांब्या-दोन तांबे पाणी पुरतं. कुंडीला दोन-तीन दिवसांनी. हिवाळ्यात जमिनीत पंधरा दिवसांनी, कुंडीत आठवड्याने. पावसाळ्यात काहीच नाही. पावसाने तीन आठवड्यांचा खंड दिला तरच एकदा. हे आकडे अंदाजासाठी आहेत. दरवेळी बोट दोन इंच मातीत घालून बघा, ओल लागली तर तांब्या परत ठेवा.

पानं गळायला लागली की नवखा माणूस घाबरून पाणी ओततो, आणि पावसाळ्यात नेमकं त्यानेच झाड जातं. पानं दोन कारणांनी गळतात. एप्रिल-मेमध्ये पानं गळली आणि खोड कडक असेल, तर झाड पाणी वाचवण्यासाठी स्वतःच पानं टाकतंय. थोडं पाणी द्या, नाही दिलं तरी पाऊस आला की पुन्हा फुटेल. जुलै-ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडून गळली आणि बुंधा मऊ लागत असेल, तर ती मूळकूज. तेव्हा पाणी पूर्ण बंद. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे काही वर्षी पारा ५ अंशांच्या खालीही उतरतो. तेव्हाही पानं गळतात आणि फूल थांबतं. त्या दिवसांत कुंड्या रात्री ओसरीत घ्या आणि पाणी कमी करा.

बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरा थर बसतो. तो खुरप्याने खरवडून काढा, आणि पहिल्या मोठ्या पावसात कुंडी एकदा उघड्यावर ठेवून क्षार धुऊन जाऊ द्या. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं पाणी नको, आणि आरओ मशीनचं टाकाऊ पाणीही रोज नको, त्यात क्षार एकवटलेले असतात.

खत आणि छाटणी

खत मोजकंच. मार्चमध्ये आणि दसऱ्यानंतर, असं वर्षातून दोनदा, झाडामागे मूठभर गांडूळखत बुंध्यापासून जरा दूर घालून माती हलकी करा. शेतातला युरिया शिल्लक आहे म्हणून टाकू नका. पानं भराभर वाढतील, फांद्या पोकळ-मऊ होतील, फुलं कमी येतील.

छाटणी फेब्रुवारीच्या शेवटी करा. आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि वाळलेल्या फांद्या आधी काढा, मग लांब गेलेल्यांचा वरचा तिसरा हिस्सा. कापलेल्या जागेखाली दोन-तीन नवे फुटवे येतात, आणि जितकी टोकं जास्त तितकं फूल जास्त, कारण फूल टोकालाच येतं. छाटल्यावर चार-पाच दिवस पाणी बंद. काटेरी काड्या खताच्या खड्ड्यात किंवा चुलीत घालू नका. गोणपाटात गुंडाळून, कुणाच्या पायात येणार नाहीत अशा ठिकाणी खोल पुरा.

रोग आणि कीड

मूळकूज झाली तर झाड गेलंच असं नाही. बुंधा मऊ लागला की झाड उपटा आणि खोड खालून वर चकत्या करत कापत जा. आतला भाग तपकिरी दिसतोय तोवर कापायचं. पूर्ण पांढराशुभ्र काप लागला की थांबायचं. दर कापानंतर ब्लेड पुसा. वर उरलेली निरोगी फांदी सुकवून आधी सांगितल्याप्रमाणे पुन्हा लावा. पावसाळ्यात हे करावं लागलं तर सुकायला दहा दिवस द्या आणि फांदी छपराखालीच ठेवा. कुजलेली माती त्याच जागी पुन्हा वापरू नका.

पिठ्या ढेकूण दिसला तर काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवा आणि एकेक पुंजका पुसून काढा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाल कोळी येतो: पानांवर बारीक फिकट ठिपके आणि खालच्या बाजूला तलम जाळी. पहाटे पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारला की तो बराच कमी होतो.

एक सावधगिरी ठेवा. कापसावर आपण निंबोळी अर्कात साबण मिसळून फवारतो. युफोर्बियाची पानं साबणाने करपतात. अर्क करायचा तर लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीचा भरडा रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा आणि साबण न घालताच संध्याकाळी फवारा. तोही आधी एका फांदीवर. दोन दिवस पान नीट राहिलं तर मग पूर्ण झाडावर.

पहिल्या वर्षी काय अपेक्षा ठेवायची?

मार्चमध्ये लावलेल्या फांदीला त्याच हिवाळ्याच्या आसपास तुरळक फूल येतं. खरा भर दुसऱ्या वर्षी. जमिनीतलं झाड सावकाश दोन-तीन फुटांपर्यंत वाढतं आणि वर्षानुवर्षं त्याच जागी राहतं; त्याला हलवायची गरज नसते. वाफ्याची माती मात्र दर उन्हाळ्यात थोडी खाली बसते. रोहिणी लागायच्या आत मुरूम-वाळूचा एक नवा थर देऊन माथा पुन्हा उंच करा, दगडांच्या फटींत अडकलेली माती काडीने मोकळी करा, म्हणजे पहिल्या जोरदार पावसाचं पाणी वाफ्यातून सरळ बाहेर पडेल.

कुंडीतलं झाड दोन-तीन वर्षांनी एक आकार मोठ्या कुंडीत न्यावं लागतं, तेही मार्चमध्येच. आदल्या आठवड्यापासून पाणी बंद ठेवा, कोरडी माती सहज सुटते. झाड कागदाच्या जाड पट्टीने कमरेत धरून उचला, काळी पडलेली मुळं कापा, नवीन मातीत तेवढ्याच खोलीवर बसवा आणि तीन दिवसांनी पहिलं पाणी द्या.